गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला 'नरांचा' पावसाळी ट्रेल: पैसे वसूल, पण चिखलाची तयारी ठेवून जा

रेटिंग आधीच सांगते, ५ पैकी ४. एक स्टार कशाला कापला ते पुढे येईलच. नाव आणि लोकेशन मुद्दाम टाकत नाहीये, कारण ज्या शेतात आम्हाला बेडूक दाखवले तिथेच रात्री बॅटरी आणि पोतं घेऊन येणारे लोक पण आहेत आणि 'जंपिंग चिकन' म्हणजे बेडकाचं मांस हे गोव्यात कुणाला वेगळं सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ह्या बेडकांना संरक्षण आहे तरी दर पावसाळ्यात पकडापकडीच्या बातम्या येतातच. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी वाळपईच्या बाजूला जरा विचारपूस करावी, बहीण-भाऊ मिळून चालवतात, बहीण गाईड आणि भाऊ स्वयंपाक प्लस गाडीचा मार्ग सांगणं प्लस जळवा काढणं.

पॅकेज शनिवार दुपार ते रविवार दुपार, माणशी अडीच हजार, जेवण-राहणं धरून, गाडी आपली आपण. थीम एकच, मादी मिळावी म्हणून नर एकमेकांशी कशी स्पर्धा करतात. मी फोंड्याहून नवरा आणि भाच्याला घेऊन गेले, भाचा बारावीला आहे आणि थीम ऐकल्यापासून दात काढत होता. ग्रुपमध्ये बाकी म्हापशाचं एक जोडपं, पेडण्याचे एक रिटायर्ड काका-काकू आणि पुण्याच्या दोन मुली कॅमेरे घेऊन.

पहिला तास स्लाइड शो. इथेच माझा अर्धा स्टार गेला. बाहेर पाऊस थांबलाय, कुळागरात (पोफळीच्या बागेत) पक्षी ओरडतायत आणि आपण आत बसून स्कॉटलंडची हरणं बघतोय! म्हणजे माहिती चांगली होती हां, रम नावाच्या बेटावर लाल हरणांचे नर आधी फक्त ओरडतात, कोण जास्त वेळा आणि जास्त वेळ ओरडू शकतो ते बघतात, कारण थकलेल्या नराला ते जमत नाही, त्यात फैसला झाला नाही तर एकमेकांना समांतर चालत अंगाचा अंदाज घेतात आणि तेवढ्यावरही भागलं नाही तर मग शिंगाला शिंग. मग हत्ती-सील, दोन दोन टनांचे नर, किनाऱ्यावर रक्तबंबाळ होईपर्यंत लढतात आणि मोजकेच नर बहुतेक पिल्लांचे बाप होतात. पण हे सगळं अर्ध्या तासात उरकलं असतं. काकांना तर डुलकी लागली होती.

काकांना जाग आली ती धिरयोच्या, म्हणजे बैलांच्या झुंजीच्या विषयाने. त्यांनी विचारलं, मग आमच्या धिरयोत पण हेच ना? गाईड ताई म्हणाली तिथे मादीचा संबंध नाही, माणसांनी बैल समोरासमोर आणून सोडलेले असतात, पण बघा, जो बैल पाठ फिरवून पळतो तो हरला असं आपण धरतो ना, जनावराच्या हिशोबात पण तेच आहे, आपण कमी आहोत हे कळलं की निघून जायचं. हायकोर्टाने नव्वदच्या दशकात धिरयोवर बंदी घातलीय हेही तिने सांगितलं, त्यावर काकांनी खिडकीबाहेर बघितलं. मग गव्याचं सांगितलं, आपला राज्यप्राणी. मोठा नर हजार किलोपर्यंत जातो, एवढ्या वजनाचे दोघे भिडले तर जिंकणाऱ्याचंही काही खरं नाही, म्हणून ते एकमेकांना आडवे होऊन पाठीचा उंचवटा दाखवत हळूहळू चालतात. प्रत्यक्षात आम्हाला गव्याचं फक्त शेण दिसलं. ब्रोशरवर गव्याचा फोटो आहे, त्या भरवशावर जाऊ नका.

कुळागरात मात्र लगेच काम झालं. पोफळीच्या खोडावर उडता सरडा, सालीशी इतका मिळून गेलेला की ताईने काठीने दिशा दाखवूनही नवऱ्याला दिसेना, आणि तेवढ्यात त्याने गळ्याखालची पिवळीधमक पिशवी फटकन पुढे काढली, आत घेतली, परत काढली. बाजूच्या पोफळीवर दुसरा नर. दोघांनी थोडा वेळ हेच केलं आणि दुसरा खोडाच्या मागे गेला. संपलं. भाचा म्हणाला, एवढंच? ताई म्हणाली हेच तर बघायला आणलंय तुम्हाला. अख्ख्या ट्रेलमध्ये तिचं म्हणणं हेच होतं की लढाई महाग पडते, जखम होते, वेळ जातो, तोपर्यंत तिसराच मादी घेऊन जातो, म्हणून बहुतेक नर आधी दाखवादाखवी करून बघतात, आणि ती दाखवादाखवी बघायची तर एका जागी गप्प बसायला पाहिजे. मला हा तिचा हिशोब पटला आणि ह्या ट्रेलचे पैसे त्याचेच आहेत. बाकी ठिकाणी गाईड लोक नुसते धावडवतात, हा पक्षी झाला, तो झाला, चला पुढे. इथे कुणी उठायला लागलं की ही हळूच म्हणायची, "राव मात्शें", म्हणजे थांबा जरा.

विहिरीवर वाकलेल्या माडाला सुगरणीची घरटी होती, तिथे बराच वेळ बसवलं. घरटं नर बांधतो हे शाळेत शिकलेलो, पण अर्धं घरटं म्हणजे काय ते तिथे कळलं. नर आधी टोपीसारखा भाग विणतो, मध्ये एक आडवी पट्टी, आणि तेवढ्यावर थांबून पंख फडफडवत लटकत राहतो. मादी येते, आत शिरून ओढून बघते आणि पटलं तरच तो पुढे नळी विणून घर पूर्ण करतो. नाही पटलं तर ते अर्धवट तसंच लोंबत राहतं, त्या माडावर अशी रिकामी टोपरी बरीच होती. आणि मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारच्या झावळीवर दुसरं घर सुरू करतो, दुसरीसाठी! काकू म्हणाल्या, बघा हो. काका परत खिडकी शोधत होते पण विहिरीवर खिडकी कुठली. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला बसून हेच सगळं बारकाईने टिपून ठेवलं होतं, हे ताईने सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं की कुणीतरी आपल्याच कोकणात बसून हे केलंय, सगळं स्कॉटलंडलाच होतं असं नाही.

ओढ्यावरचा भाग भाच्यासमोर ऐकायला जरा अवघड गेला पण खरं सांगायचं तर सगळ्यात डोकं चक्रावणारा तोच होता. चतुरांचे नाजूक भाऊबंद असतात ना, टाचणीसारखे, धातूसारख्या हिरव्या पंखांचे, त्यांचा एक एक नर ओढ्यातला एक एक दगड धरून बसलेला. दुसरा आला की त्याच्यावर झेपावायचं, परत दगडावर. इथवर ठीक. पण ताई म्हणाली मादी मिळाली म्हणजे जिंकला असं नाही, कारण तिच्या पोटात आधीच्या नराचे शुक्राणू साठवलेले असतात. जोनाथन वाग नावाच्या संशोधकाने १९७९ साली अमेरिकेतल्या अशाच एका जातीत दाखवलं की नर आधी आपल्या अवयवाने, त्याला मागे वळलेले केस असतात, आधीच्याचे जवळपास सगळे शुक्राणू खरवडून बाहेर काढतो आणि मग स्वतःचे सोडतो. म्हणजे स्पर्धा मादीच्या पोटात जाऊन पण संपत नाही! जेफ पार्करने १९७० मध्येच किड्यांबद्दल हा विचार मांडला होता म्हणे. म्हणून नर नंतरही मादीजवळ पहारा देतो. पुण्याच्या मुलींनी ह्यावर प्रश्न विचारून ताईला पार सुकवली, आणि भाचा पहिल्यांदाच मोबाईल खिशात ठेवून ऐकत होता.

संध्याकाळी चहाबरोबर काकांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, त्यांच्या बागायतीत मे महिन्यात काढलेला. दोन लांबलचक साप एकमेकांना पिळे घालून अर्धे उभे राहिलेले, पडतायत, परत उठतायत. काका म्हणाले नाग-धामणीचं लागलेलं, शेजाऱ्याने त्यावर नवीन पंचा टाकला आणि तो आता देव्हाऱ्यात आहे, घरात पैसा टिकतो. आमच्या आजीकडे पण असंच सांगायचे. ताईने व्हिडिओ दोनदा बघितला आणि शांतपणे म्हणाली, काका, ह्या दोन्ही धामणी आहेत आणि दोन्ही नर आहेत. नाग ह्यात कुठेच नाही, धामणीची मादी पण धामणच असते, नागाशी तिचं लग्न आपण लावलंय. ही कुस्ती आहे. मग पॉज करून करून दाखवलं, बघा, हा त्याचं डोकं खाली दाबतोय, तो निसटून वर येतोय, परत हा वर. चावा एकदाही नाही. ज्याचं डोकं जास्त वेळ खाली दाबलं जातं तो शेवटी सुटून सुसाट पळतो आणि मादी जवळपास कुठेतरी असेल नसेल. खरं मीलन असतं तेव्हा दोघं जमिनीवर आडवे, शेपटीकडे जोडलेले, बघायला काहीच विशेष नाही. काका थोडे खट्टू झाले, पंचाचं काय करू म्हणाले. काकू म्हणाल्या, राहू दे, पैसा टिकलाय ना. ताईने एवढंच सांगितलं की परत दिसले तर कापड टाकू नका, लांबून बघा, त्यांचा खेळ मोडतो.

रात्रीचं जेवण एक नंबर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताज्या समुद्री मासळीची अपेक्षा नव्हतीच, पण सुक्या सुंगटांची किस्मूर, तायखिळ्याची भाजी, डाळ, उकडा भात आणि सोलकढी. भावाचा हात भारी आहे. बाथरूम मात्र सगळ्यांत मिळून एकच आणि त्याची कडी लागत नाही, उरलेला अर्धा स्टार तिथे गेला.

जेवणानंतर बेडूक. ज्यासाठी जायचं ते हे. आवाज तर घरापासूनच येत होता, पण शेताच्या बांधावर पोचल्यावर एकमेकांशी बोलणं ऐकू येईना. लाल कागद लावलेल्या बॅटऱ्या दिल्या, मोबाईलचे फ्लॅश बंद करायला लावले, आणि मग त्या गुडघाभर पाण्यात दिसले, मोठे बेडूक, हळदीला बसलेल्या नवरदेवासारखे पिवळेजर्द, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे, ओरडले की फुगतात. ताईने आधी पांढरी बॅटरी क्षणभर मारून रंग दाखवला मग बंद. एरवी हेच बेडूक मातकट हिरवे असतात, पावसाच्या तोंडावर नर असे पिवळे होतात, माद्या मात्र तशाच.

आम्ही बांधावर बसलो ते बसलोच. आधी नुसता गोंधळ वाटतो. मग हळूहळू दिसायला लागतं की प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. आमच्या पुढ्यात एक मोठा नर होता, तो ओरडायचा, थांबायचा. डावीकडून एक जरा लहान सरकत सरकत आला, मोठ्याने फक्त तोंड वळवलं आणि परत ओरडला, लहान तिथेच थांबला. नंतर उजवीकडून त्याच्याच मापाचा आला तेव्हा मात्र खरी धरपकड, उडी मारून पाठीवर, पाण्यात लाथा, दोघेही उलटेपालटे, माझ्या सँडलवर चिखल, मग एकजण बाजूला झाला आणि दोघेही लगेच ओरडायला लागले जसं काही झालंच नाही. एका नराने तर दुसऱ्या नरालाच मादी समजून मिठी मारली, खालचा वेगळाच तुटक आवाज काढायला लागला, सोड म्हणून, आणि वरच्याने सोडला. भाच्याला हसू आवरेना.

आवाजावरून माप कसं कळतं ते ताईने तिथेच कानाशी येऊन सांगितलं. अंग मोठं तसा आवाज खर्जातला. १९७८ साली इंग्लंडमध्ये डेव्हिस आणि हॅलिडे ह्या दोघांनी भेकांवर प्रयोग केला होता, मादीच्या पाठीवर बसलेल्या नराला आवाज काढता येणार नाही अशी सोय केली आणि बाजूला स्पीकरवर कधी जाड कधी बारीक आवाज लावला. जाड आवाज असला की दुसरे नर कमी हल्ले करायचे. आता हे वाचून कुणाला वाटेल त्यात काय, पण त्या बांधावर बसून, समोर तो लहान बेडूक मोठ्याच्या आवाजाला थांबलेला बघताना ऐकलं की कळतं. आणि मादी? ती आम्हाला एकदाच दिसली, आवाज नाही काही नाही, सगळ्यांच्या मधून गेली. काही नर न ओरडताच ओरडणाऱ्याच्या आसपास दबून बसतात, अशी येणारी मादी मधल्या मध्ये धरायला, असंही ताई म्हणाली. ओरडण्यात ताकद जाते ती वाचते. पेडण्याच्या काकांनी ह्यावर राजकारणातलं एक उदाहरण दिलं, ते इथे लिहीत नाही.

परत येताना सगळ्यांना जळवा. भाऊ मीठ घेऊन दारातच बसलेला.

रविवार सकाळ तिसवाडीत, आणि इथे तक्रार आहे. आम्ही बुकिंग ज्या एजंटमार्फत केलं त्याने चोडणला पोचायची वेळ चुकीची सांगितली होती. ह्यात गाईडची चूक नाही, पण आम्ही रायबंदरची फेरीबोट घेऊन पलीकडे पोचलो तेव्हा भरती सुरू झालेली आणि फिडलर कुर्ल्या (खेकडे) बघायला अर्धा तासच मिळाला. तोही ऊन पडलं म्हणून. सलीम अली अभयारण्याच्या बाजूला खारफुटीच्या कडेला चिखल उघडा असतो तिथे बसायचं, आधी काही दिसत नाही, पाच मिनिटं हललो नाही की बिळाबिळातून बाहेर. नराचा एक नांगा अवाढव्य, काही जातींत तो अंगाच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत जातो. तो खायच्या उपयोगाचा नाही, त्यामुळे मादी दोन्ही हातांनी चिखल चाळून खाते आणि हा एकाच हाताने, म्हणजे तोच शेर भरायला ह्याला जास्त राबावं लागतं. आणि मोठा नांगा वर-खाली, वर-खाली हलवत राहायचं. मादी चालत चालत एकेका बिळाशी थांबते, आवडलं तर आत जाते, नाहीतर पुढे.

इथली भानगड मला सगळ्यात आवडली. मोठा नांगा भांडणात तुटला तर नवीन उगवतो, पण तो हलका, दात नसलेला, चिमटा काढायला कुचकामी. दिसतो मात्र तेवढाच मोठा. अभ्यासकांना असं आढळलंय की समोरच्या नराला नुसतं बघून फरक कळत नाही, त्यामुळे असा नकली नांगेवाला धमकी देऊन बरंच निभावून नेतो, खरी झोंबी लागली तरच उघडा पडतो. भाच्याने मग प्रत्येक कुर्लीकडे बोट दाखवून हा ओरिजिनल, हा डुप्लिकेट असं सुरू केलं. आपल्याला लांबून ओळखता येत नाही, पण मजा आली.

मोरावर गाडीतच बोलणं झालं. डार्विनने १८६० साली एका पत्रात लिहिलं होतं की मोराचं पीस बघितलं की मला आजारी वाटतं, कारण एवढा अवजड पिसारा जगायला काय कामाचा ते बसत नव्हतं. पुढे १८७१ मध्ये त्याने लैंगिक निवडीचा विचार सविस्तर मांडला. १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासात पिसाऱ्यावर जास्त डोळे असलेल्या मोराला लांडोरी जास्त पसंत करतात असं आलं आणि २००८ मध्ये जपानमधल्या अभ्यासात तसं काही नाही असं आलं. ताई म्हणाली भांडण अजून मिटलेलं नाही. मला हे प्रामाणिक उत्तर आवडलं, नाहीतर गाईड लोक सगळं छातीठोक सांगतात.

शेवट करमळीच्या तळ्यावर, कोकण रेल्वेच्या बाजूला. कमळपक्षी, लांब बोटांनी पानांवर चालणारा, ब्राँझ रंगाच्या पंखांचा. इथे सगळं उलटं. मादी मोठी, मादी हद्द राखते, दुसऱ्या मादीला हाकलून लावते आणि तिच्या हद्दीत दोन-तीन नर असू शकतात, प्रत्येकाला अंडी घालून देते आणि उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं त्याच्याकडे. कधी कधी तर नर पिल्लांना पंखाखाली धरून चालतो. ज्याच्यावर पोरांचा भार कमी तो भांडायला मोकळा, मग तो नर असो की मादी, असं ताईचं म्हणणं. नवरा म्हणाला हा पक्षी आवडला नाही. मी म्हटलं मला आवडला.

कुणी जावं: ज्याला चिखलात तासभर गप्प बसता येतं त्याने. वाघ, गवा, सेल्फी पाहिजे असेल तर नको. गुडघ्यापर्यंत मोजे, मीठ, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जास्तीची चप्पल घ्या. गुडघे दुखत असतील तर बेडकांच्या बांधावर प्लास्टिकचं स्टूल मागून घ्या, देतात. बुकिंग एजंटकडून न करता थेट बहीण-भावाकडे करा, आणि रविवारची ओहोटीची वेळ स्वतः बघून मगच शनिवार पक्का करा.